मागच्या सीटमागचा झरोका

आमच्या ह्यांना संशय घ्यायला कारण लागत नाही. गॅसवाला सिलिंडर ठेवून गेला तरी विचारणार, "तो माझ्या खोलीकडे का बघत होता?" अहो, दार समोरच आहे, मग माणूस बघणार कुठे, छताकडे?

पोटापाण्यासाठी हे दातांच्या कवळ्या बनवतात. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत मेण, साचे आणि गुलाबी हिरड्या, त्यात जन्म गेला. घरी आले की त्या खोलीत बसून विमानं. लढाऊ विमानाचे सुटे भाग खोक्यात मिळतात, प्लास्टिकचे. चिकटवले, रंगवले की झालं. बाकीच्यांचं तेवढ्यावर भागतं. ह्यांना मात्र कुठल्याच कंपनीने न काढलेलं विमान हवं असतं. म्हणून खोक्यातलं एका सीटचं जेट घ्यायचं, बारीक करवतीने पोटात कापायचं, मध्ये बोटाच्या पेराएवढा तुकडा जोडायचा, पुट्टी भरून घासायचं आणि मागे दुसरी सीट बसवायची. वरची काच कवळीसारखी साच्यावर तापवून ओढायची. नाकात शिशाचे मणी भरायचे, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. शिकाऊ वैमानिकांसाठी अशी दोन सीटची जेट मोजकीच झाली होती, आणि ती केव्हाच भंगारात गेली. तेच विमान बनवायचं ह्यांनी कितीतरी वर्षं धरून ठेवलं होतं.

संशयाला मूळ आहे, नाही असं नाही. अशी विमानं करणाऱ्यांच्या क्लबात ह्यांचा एक मित्र होता, घरातसुद्धा काळा चष्मा घालायचा, म्हणून सगळे त्याला गॉगल म्हणायचे. ह्यांनी विश्वासाने त्याला एका विमानाची मापं दिली. पुढच्या प्रदर्शनात तेच विमान गॉगलच्या नावाने मांडलेलं! बक्षीसही त्यालाच. दुधाने तोंड पोळलं तसे हे ताकही फुंकून प्यायला लागले. खोलीला कुलूप लागलं. किल्ली अंघोळीला जातानाही बरोबर.

आणि मग ती युक्ती. प्रत्येक विमानावर हे एक खोटी गोष्ट करून ठेवायला लागले. दोन सीटच्या जेटवर उजव्या बाजूला, मागच्या सीटच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढा एक हवेचा झरोका कोरला. मला एकटीलाच सांगितलं, तेही कानात. "खऱ्या विमानाला हा नव्हता. आणखी कुणाच्या विमानावर दिसला, की तो चोर. प्रदर्शनात मांडायच्या आधी मी बुजवून टाकीन."

"आणि तोपर्यंत कुणी चोरलंच नाही तर?"

"चोरणार," हे म्हणाले. अगदी खात्रीने.

संशय नव्हता तो फक्त लेकीवर. खोलीत धूळ पुसायची मुभा तिलाच. मी आत पाऊल टाकलं की हे डोळ्यांनी मापं घ्यायचे, आणि ती तासन्‌तास आत असली तरी ह्यांच्या कपाळाला आठी नाही. मध्यंतरी ती गॅलरीत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायला लागली, मी दिसले की ठेवून द्यायची. मला वाटलं, असेल कुणीतरी. वय आहे. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल.

एक दिवस हे दवाखान्यातून आले ते धापा टाकत. एका कंपनीने खोक्यातलं दोन सीटचं जेट बाजारात आणायचं जाहीर केलं होतं. फोनवरचं चित्र दोन बोटांनी मोठं करून माझ्या नाकासमोर धरलं. "बघ! उजवी बाजू बघ!"

झरोका होता. तांदळाच्या दाण्याएवढा.

"सापडला चोर!" इतका आनंद मी ह्यांच्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिला नव्हता. तसेच चपला घालून क्लबात गेले आणि चारचौघांत गॉगलची कॉलर धरली. कारण काय, तर ह्यांच्या आजारपणात तो भेटायला आला होता. बिचाऱ्याने आईची शपथ घेतली, चष्मा काढून डोळे पुसले. मग पाळी आली माझ्या भावाची, एकदा पंखा दुरुस्त करायला आत गेला होता म्हणून. शेवटी जेवताना माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तर कुणाला आत सोडलं नाहीस ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताट सरकवलं आणि म्हटलं, "सोडलं तर! अख्ख्या गल्लीला तिकीट लावून दाखवलं!" त्यानंतर आठवडाभर आमच्यात शब्द नाही, आणि कशावरून ते लेकीला कळू दिलं नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ, ओरडायचं कुणाच्या नावाने?

ह्यांचा निवृत्तीचा दिवस आला. संध्याकाळी लेक एक मोठं खोकं घेऊन आली आणि ह्यांच्या मांडीवर ठेवलं. वर चित्रात दोन सीटचं जेट ढगांतून चाललेलं. कडेला बारीक अक्षरांत ह्यांचं नाव: मूळ रूपांतर यांचं.

"मीच पाठवले फोटो आणि मापं," ती म्हणाली. डोळे नुसते चमकत होते. "गॉगलकाकांनी तुमचं नाव खाल्लं ना? आता छापलंय, कोण खाईल? आणि बाबा, हा झरोका कंपनीवाले काढूनच टाकणार होते. तिथे एक म्हातारे आहेत, जन्मभर हीच विमानं दुरुस्त केलेले. ते म्हणत होते, असं काही नव्हतंच. मी हटून बसले. म्हटलं, तुम्ही विसरला असाल, माझ्या बाबांची चूक होत नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही ह्यांच्यामुळेच. म्हटलं, आता तुमचं तुम्हीच निस्तरा.

बराच वेळ हे त्या चित्रावर अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "ते म्हातारे बरोबर सांगतात. झरोका नव्हता."

"म्हणजे? चुकून झाला?"

"मुद्दाम केला."

"कशाला?"

"चोर पकडायला."

लेक बघतच राहिली. गॅलरीतले ते फोन, ती भांडणं, सगळं तिने मनाशी जुळवलं असणार, कारण चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मग सापडला का, बाबा?" तिने विचारलं.

ह्यांनी खिशातून खोलीची किल्ली काढली आणि तिच्यासमोर ठेवली. तिने ती उचलली नाही.