कसरीने जुळवलेली पानं

आमच्या हिचं काम गावोगाव फिरून जुनी हस्तलिखितं हुडकायचं. घरात शिरायचं, पोथी झटकायची, पानं मोजायची, नोंद करायची. मी रिटायर झालेला नवरा, म्हणजे फुकटचा ड्रायव्हर. लोकांच्या माळ्यावरची कोळिष्टकं ही हौसेने काढते, आमच्या घरातली मात्र माझ्या वाट्याला येतात.

त्या दिवशी एका म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलो. त्याच्या आजोबांनी स्वतः रचून लिहिलेली एका नावाड्याची गोष्ट त्याच्याकडे होती, पण तो पोथीला हात लावू देईना.

"मागे एक साहेब आले आणि पानं वरखाली करून गेले. वडील वाचून दाखवायचे ती गोष्ट आता लागतच नाही. होडी निघते ती मधेच अडकते."

"काका, एक पान इकडचं तिकडे होणार नाही," हिने शब्द दिला. त्याने नाइलाजाने पोथी सोडली.

वीज गेलेली होती. हिने पानं जमिनीवर ओळीने मांडली आणि नेमकी वीज आली. 'आधी पंख्याचं बटण बंद करा' असं साऱ्या जगाला बजावणारी ही बाई स्वतःच विसरली होती. पानं घरभर उडाली.

"झालं समाधान?" शिंपी एवढंच म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हीसुद्धा रडकुंडीला आली, पण हातावर हात धरून बसणारी ती नव्हे. तिने एक पान खिडकीसमोर धरलं. आकडे घातलेले कोपरे केव्हाच झडले होते, पण कसरीने पोथी आरपार पोखरली होती.

"काका, किडा पानांमागून पानं तिरका कुरतडत गेलाय, दर पानाला भोक जरा सरकतं. भोकावर भोक बसलं की पान जागेवर आलं. तुमची नजर कापडाला कापड जुळवणारी. बसता?"

तो घुश्शातच बसला. दुपारभर दोघांची डोकी पानांत. चहा मी केला, साखरेसाठी परक्या घरातले सगळे डबे उघडून. कसर त्या साहेबांच्याही आधीची, त्यामुळे त्यांनी घातलेला घोळही निस्तरला.

मग शिंपी मोठ्याने वाचू लागला. एका पानाशी थांबला.

"इथे वडील विचारायचे, पोचेल का रे होडी?"

त्याने पान उलटलं आणि वाचत गेला.

"पोचली," तो म्हणाला आणि डोळे पुसून हिच्याकडे वळला. "करा नोंद, बाई. पण आधी ते बटण बघून या."