शिट्टी मारायला बोलावलेली माणसं

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कागद कापणं. ओट्यावर बसलो होतो. जुने पेपर ती कात्रीनं बारीक कापत होती, मी पिशवीत भरत होतो. आमच्या हिरोचा पिक्चर येणार होता. तो पडद्यावर पहिल्यांदा आला की मूठ मूठ कागद वर उधळायचे, मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची, आणि तिनं उभं राहून लांबूनच त्याला ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. भाऊ मानायची त्याला. जुन्या टॉकीजा एकेक करून बंद पडल्या तरी आमचं हे चुकलं नाय.

मी कात्री घ्यायला गेलो तर म्हणाली, "तुम्ही नका कापू. तुमचे तुकडे लय मोठे. वर जायच्या आत खाली येतात."

त्याच आठवड्यात ती नळावर पाणी भरायला वाकली आणि तिथंच बसली. परत उठली नाय.

दहावा झाला, तेरावा झाला. मग संजू आला. संजू आमच्या वस्तीतल्या फॅन मंडळाचा अध्यक्ष. पिक्चर लागायच्या आधी मॉलमध्ये खास खेळ ठेवलाय, मुंबईहून माणसं येणार आहेत, जुन्या फॅनना मान आहे, असं सांगून माझ्या हातात पास दिला. पास इंग्रजीत. मी चौथी शिकलेला. मान म्हणाला, मी मान समजलो. शेजारीपाजारी बोलले, बायको जाऊन महिना नाय झाला आणि म्हातारा पिक्चरला निघाला. बोलू दे. मला पिक्चर बघायचा नव्हता. तिनं कापलेले कागद हिरो आला की एकदा वर जाऊ द्यायचे होते. तेवढंच.

अंबडच्या कारखान्यात मी उभी हयात प्रेस मशीनवर काढली. साहेबांचं गेट वेगळं, आमचं वेगळं. त्याची सवय होती. पण टॉकीज तसली नव्हती. तिथं साहेब बाल्कनीत आणि आम्ही खाली पडद्याजवळ, पण पिक्चर दोघांनाही एकच दिसायचा.

मॉलमध्ये आम्हाला दारापाशी उभं केलं. कानात वायर घातलेल्या एका पोरीनं हिरोचं तोंड छापलेले टी-शर्ट वाटले. मी सदऱ्यावरनंच चढवला. कॅमेरा आला. नाचा म्हणाली. पोरं नाचली. मला शिट्टी मारायला लावली. मारली. परत मारा. मारली. अजून जोरात. कुत्र्याला पाय द्यायला सांगावं तसं.

मग संजू तिच्याशी काहीतरी कुजबुजला आणि माझ्याकडं बोट केलं. ती आली. आवाज एकदम मऊ.

"आजोबा, कॅमेऱ्याकडे बघून सांगा, हा पिक्चर बघायची बायकोची शेवटची इच्छा होती."

"तसली काय इच्छा नव्हती. मरायचं तिच्या मनातच नव्हतं."

"बरं, मग एवढंच म्हणा, ती असती तर आली असती."

हे खरं होतं. म्हणून म्हणालो. बोलता बोलता डोळ्यांना बाही लावली.

"छान. परत एकदा घेऊ. या वेळी डोळे पुसू नका."

परत म्हणालो. डोळे पुसले नाय. आत जायचं होतं ना. कागद पिशवीत होते.

मग गाड्या आल्या. अत्तराचे वास आले. पाहुणे आत जायला लागले. मी पास काढून त्यांच्या मागं निघालो, तर गार्डनं छातीवर हात ठेवला. पोरीनं पास बघितला आणि हसली. म्हणे हा बाहेरच्या कार्यक्रमाचा पास, इथंच लिहिलंय, आत फक्त निमंत्रित. खायचं पाकीट घ्या आणि निघा.

मी हललो नाय. माझ्यामागं सिल्कचा झब्बा घातलेला एक गृहस्थ उभा होता. तो गार्डला म्हणाला, "ह्यांना बाजूला घ्या हो. आधी माणसं आत जाऊ द्या."

माणसं. मी वळून त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. तो आत गेला, दार लागलं. आतून बाजा ऐकू आला. पिक्चर सुरू झाला होता.

संजू मला ओढायला लागला. बाबा, नाटक नका करू, पुढच्या वेळी आपल्याला बोलावणार नाहीत. मग त्याला सुचलं. म्हणाला, पिशवीतले कागद इथंच उडवा, व्हिडिओ तरी चांगला येईल. पोरीलाही ते पटलं. कॅमेरा परत माझ्यावर आला.

मी पिशवीचं तोंड मुठीत आवळलं. एक तुकडा दिला नाय. टी-शर्ट अंगातनं काढून तिथंच टाकला. पोरीला म्हणालो, "माझ्या बायकोचं जे घेतलं ते पुसा."

"ते आता आमचं झालं, आजोबा."

एवढं बोलून ती फोनवर लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो. चौकात नवा फ्लेक्स. वर हिरो, हात जोडलेला. त्याच्याखाली पिक्चरचं नाव आणि तारीख. आणि कोपऱ्यात माझी बायको. तेराव्याला लावलेला फोटो, हार तसाच. खाली मंडळाची पोरं, गोल गोल चौकटीत, गॉगल लावून.

मला कुणी विचारलं नव्हतं.

भाजीवाल्याची गाडी खांबापाशी ओढली आणि वर चढलो. दोर सोडला. फ्लेक्स खाली आला. संजू पळत आला.

"बाबा, आपल्या हिरोचा फोटो हाय त्याच्यावर."

"माझी बायको हाय त्याच्यावर."

लोक जमले. कुणीतरी मोबाईल वर धरला. मी त्याच्याकडं बघून सांगितलं, हे पण घे, आणि नीट घे. मग खाली बसलो, भाजीवाल्याच्या सुरीनं तिचा चेहरा कापून घेतला आणि सदऱ्याच्या आत ठेवला. बाकीचा रस्त्यावर सोडला. संजूला म्हणालो, उद्या परत लावशील तर उद्या परत उतरवीन. माझा हात चालतोय तोवर तिला कुणाच्या जाहिरातीत उभी राहू देणार नाय.