मधूचा चिठ्ठ्यांचा डबा

त्या सकाळी मधूनं चहा अर्धाच पिऊन ठेवला. "ताई, छातीत जड वाटतंय गं," म्हणाला, आणि मी ऑटो बोलवेपर्यंत खुर्चीतच मान टाकली त्यानं... सव्वा महिना झाला. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान भाऊ. मागे राहायची पाळी माझी नव्हती.

थाटीपुरात, या हिंदी मुलखात, आम्ही दोघंच. मधू एका बिस्किटांच्या कारखान्यात माणसं सांभाळायचा. भरती, भांडणं, रजा, सगळं त्याच्याकडे. तो रिटायर झाला आणि दोन वर्षांत म्हाताऱ्या मालकांनी कारभार मुलाकडे दिला. मुलगा बाहेर शिकून आलेला, हाताखालचे सातही विभागप्रमुख त्याच्या वडिलांच्या वयाचे. कुणाचं कुणाशी पटेना. तेव्हा मालक स्वतः घरी आले, "मधूभाऊ, याला आणि त्या सातांना जरा एकत्र बसवा, एवढं वर्ष निभावून न्या." मधूला काय, बोलावलं हेच पुष्कळ!

त्यानं पद्धत काढली. दर शनिवारी इंदरगंजच्या ऑफिसात आठही जणांनी, म्हणजे मालकांच्या मुलानं, नव्या साहेबांनीसुद्धा, तोंडावर बोलता येत नाही ते चिठ्ठीवर लिहायचं आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. चिठ्ठ्या फक्त मधू वाचणार, पुढच्या शनिवारी विषय काढणार, नाव नाही. मी चिडवायची, "काय रे, प्रेमपत्रं आणलीस का?" तर डबा छातीशी धरून म्हणायचा, "ताई, हाथ मत लगाना, शब्द दिलाय मी." आणि खरंच फरक पडला हो. साहेब मधेच बोलणं तोडेनासे झाले, ते सात जण मान वर करून बोलू लागले.

मग एका चिठ्ठीत आलं, की साहेब ऐकत नाहीत, नुसती आपली बोलायची पाळी यायची वाट बघतात. एरवी मधू शब्द बदलून सांगायचा. त्या दिवशी जसंच्या तसं वाचलं. चूक म्हणाल तर तेवढीच. साहेब लाल झाले. "अंकल, ये किसने लिखा है?"

"बेटा, वो नहीं बताऊँगा."

"तो डिब्बा यहीं छोड़ जाइए."

मधूनं डबा काखेत मारला आणि सवारीच्या टेम्पोनं घरी आला. दुसऱ्या दिवशी फोन आला, आता यायची गरज नाही.

मी म्हटलं, देऊन टाकायचा होतास मेला डबा. तर म्हणे, "सातांतला एक तरी उभा राहील, बघ तू." ज्यानं लिहिलं होतं, तो तरी!... शेवटपर्यंत, आठ महिने, फोन वाजला की धडपडत आधी चष्मा शोधायचा. कुणाचा असायचा? गॅसवाल्याचा. एरवी दिवाळीला मिठाई घेऊन येणारे, तेसुद्धा फिरकले नाहीत.

शोकसभा मात्र दणक्यात केली त्यांनी. हार घातलेला फोटो, समोसे. सातही जण बोलले. विश्वास, विश्वास, किती वेळा म्हणाले! साहेब म्हणाले, "अंकल ने हमें सुनना सिखाया." मी पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकलं.

निघताना त्या सातांतले सक्सेना जवळ आले, हळूच म्हणाले, "दीदी, वो डिब्बा... घर पर ही है ना? जला देतीं तो अच्छा रहता."

म्हणजे इतके महिने यांना आठवण होती ती डब्याची! मी म्हटलं, "भैया, घर तो आपका देखा हुआ है. सातों आइए, अपनी-अपनी छाँटकर ले जाइए."

डबा मधूच्या खुर्चीशेजारी खिडकीत आहे. उघडला नाही, शब्द त्याचा होता, तो मोडणारी मी कोण. पण जाळलाही नाही. दर शनिवारी पुसते आणि दाराची कडी काढून ठेवते... अजून एकही आलेला नाही.