शून्य म्हणजे सरळ काप

मिस्त्रींच्या हातचं दार कधी कुरकुरलं नाही आणि खिडकी कधी अडली नाही. माणूस बोलायला मोकळा, हसायला सगळ्यांच्या पुढे. पण आकड्यांचा विषय निघाला की ते आधीच हात वर करत. "आपलं डोकं मठ्ठ. हात तेवढा चालतो," असं स्वतःच सांगून टाकत, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको. गिऱ्हाइकं हसत, मिस्त्रीही हसत. बायको मात्र हसत नसे. ती आत निघून जाई.

दहावीला गणितात अडले आणि शाळा सुटली, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग केस पांढरे झाले, मुलाचं लग्न उरकलं आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना एके दिवशी मिस्त्री बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज भरून आले. बाकीचे विषय पहिल्याच दमात सुटले. गणित दोनदा राहिलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी जेवताना जाहीर केलं, "आता राहिलं तर पुस्तकं माळ्यावर. मग मठ्ठ तो मठ्ठच, त्यावर शिक्कामोर्तब." म्हणाले हसतच, पण भाजी वाढून घ्यायचं विसरले.

सून शाळेत गणित शिकवायची. तिने आपणहून सांगितलं, "बाबा, मी बसते तुमच्याबरोबर." मिस्त्रींना आधी अवघडल्यासारखं झालं, पण तिच्यापुढे त्यांचं काही चालेना. रोज दुकान बंद करून आले की हातपाय धुऊन, भांग पाडून, शाळेत निघाल्यासारखे ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसत. कपड्यांवरचा भुसा तेवढा वहीवर पडायचा.

बीजगणित बऱ्यापैकी सरळ गेलं. गाडी अडली ती त्रिकोणमितीत. सुनेने विचारावं, साइन तीस किती? हे आकृती काढणार, बाजू लिहिणार आणि उत्तर देणार, वर्गमूळ तीन भागिले दोन. खरं उत्तर एक छेद दोन. टॅन साठ? एक भागिले वर्गमूळ तीन. तेही नेमकं उलटं. फक्त पंचेचाळीसची उत्तरं दर वेळी बरोबर यायची, त्यामुळे तर दोघंही अधिकच चक्रावत. सुनेने तक्ता लिहून दिला. मिस्त्रींनी तो बाजूला सारला. "पाठ केलेलं माझ्यात टिकत नाही गं. आकृती काढली की मला दिसतं." आणि त्यांच्या आकृतीत तीस आणि साठ एकमेकांच्या जागी जाऊन बसलेले असत.

वर्गातला एखादा मुलगा असता तर तिने पहिल्याच दिवशी समोर उभं करून विचारलं असतं, कसं काढलंस, दाखव. पण सासऱ्यांना असं कसं विचारायचं? "परत एकदा बघा हं, बाबा," एवढं म्हणून ती गप्प बसे. मग बाबा निमूटपणे खोडत आणि ती सांगेल ते लिहीत. त्या भिडेपायी आठवडे गेले, परीक्षा जवळ आली. सासूबाई मात्र कुणाची भीड ठेवत नसत. "अगं, रागाव की जरा! मी रोज रागावते, काही झिजत नाही त्यांचं."

मग एक दिवस मिस्त्री दुकानातून आले ते भांग न पाडताच टेबलाशी बसले. जिन्याच्या कठड्याचं काम चाललं होतं. चढ तीस अंशांचा, काप तीसचा, आयुष्यभर हेच केलेलं. पण घरी जिथे तिथे तीस खोडून साठ करायची सवय लागलेली, तीच दुकानात हाताशी आली. त्यांनी करवत साठवर लावली आणि कठड्याचे चांगले घडवलेले खांब वाया घालवले.

"घरी साठ बरोबर, दुकानात तीस बरोबर," त्यांनी पुस्तक मिटलं. "दोन्हीकडून गेलो बघ. राहू दे हे. माझ्यासाठी वेळ घालवू नकोस."

सुनेने पुस्तक परत उघडलं. तिला काहीतरी खटकलं होतं. एकच माणूस एकीकडे नेहमी बरोबर आणि दुसरीकडे नेहमी चूक, तीही इतक्या नेमाने? तिने भीड बाजूला ठेवली.

"बाबा, दुकानात तीसचा काप कसा घेता? दाखवा मला."

मिस्त्रींनी मोजपट्टी टेबलावर आडवी ठेवली. "ही फळी. काटकोनात सरळ कापली की मशीनच्या पट्टीवर शून्य. शून्य म्हणजे सरळ काप. तिथून करवत तीस वळवली की हा झाला तीसचा." त्यांनी मोजपट्टीवर पेन्सील तिरकी धरली.

"हलवू नका हं." तिने कंपासपेटीतला कोनमापक फळीच्या कडेला लावला. "आता वाचा."

मिस्त्रींनी चष्मा सरळ केला. साठ होते.

"पुस्तक कडेपासून मोजतं, बाबा. तुम्ही सरळ कापापासून मोजता. दोन्ही मिळून नव्वद. तुमची उत्तरं चुकीची नव्हती, कोटिकोनाची होती, म्हणजे नव्वदातून उरलेल्या कोनाची. याचा साइन तो त्याचा कोसाइन. पंचेचाळीसला दोन्हीकडून पंचेचाळीसच, म्हणून ती तेवढी जुळायची."

मिस्त्रींनी पेन्सील खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "शाळेत होतो तेव्हाही संध्याकाळी वडिलांच्या दुकानात करवतीवर असायचो. हीच उत्तरं लिहिली होती. सरांनी फळ्याशी उभं करून विचारलं, उलटं कसं सुचतं तुला? मला सांगता येईना. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही."

त्यांचे डोळे भरून आले. सासऱ्यांना रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. ती उठली नाही, वहीचं कोरं पान उघडून तिने पुढचं उदाहरण लिहिलं. भिंतीला शिडी टेकवलेली, जमिनीशी साठ अंशांचा कोन. मिस्त्रींनी नाक पुसलं आणि कोन जमिनीपासून मोजला.

निकाल लागला तेव्हा गुण काही डोळे दिपवणारे नव्हते, पण गणित सुटलं होतं. मिस्त्रींनी कागद बायकोपुढे धरला. तिने तो वाचला, पदराने डोळे टिपले आणि मग एकदम भडकली.

"इतकी वर्षं जगाला सांगत फिरलात, डोकं मठ्ठ आहे म्हणून. मी कधी म्हटलं होतं का तुम्हाला तसं? एकदा तरी?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "तू म्हणत नव्हतीस. मीच मानून बसलो होतो."