झेरॉक्सवाले चाचा आणि माझा नकाशा

घाटंजीच्या बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या चाचांना एक खोड आहे. मशीनवर ठेवण्याआधी ते प्रत्येक कागद वाचतात. कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षांत लोकांच्या नुकसानभरपाईच्या फॉर्ममधल्या चुकाही तेच दाखवायचे.

मी मात्र घेऊन गेलो होतो राक्षस-जादूगारांचा, फासे टाकून खेळायचा, घरी रचलेला खेळ: नियम, गोष्ट आणि एक नकाशा. वर ठळक लिहिलं होतं, 'सर्व कल्पना माझ्या'. आणि मी वर्गात कॉपी पकडणारा मास्तर!

चाचांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "मास्तर, हा नकाशा तं तुम्ही मागच्या महिन्यात एका पुस्तकातून इथंच झेरॉक्स केलता. तो काढणाऱ्याचं नाव कुठी हाय?"

"चाचा, चार मित्रांत खेळायचंय. कोण पाहतं?"

"मी पाहून राह्यलो ना."

मागे रांग वाढली, पण चाचा मशीन सुरू करेनात. घामाघूम होत मी नियम कोणत्या पुस्तकातले, चेटकिणीची गोष्ट बंजारा तांड्यावरच्या कोणत्या बाईंची, सगळं लिहिलं. नकाशा मात्र नाव टाकूनही चालेना. चाचा म्हणाले, "ज्यानं काढला त्याले इचारलं का?" मग उभ्या उभ्याच मी नवा काढला.

चाचांनी तो फिरवून फिरवून पाहिला. "हे पहाड हाय का म्हैस?"

"पहाड."

"मंग टाका खाली तुमचं नाव. हे दुसऱ्या कोनाचं असूच शकत नाही."