शेणाचं विरजण

सत्तारचाचा शेण हुंगून म्हशीने काल काय खाल्लं ते सांगत. एकदा असंच नाक लावून म्हणाले, "ही तर पाटलाचा ऊस खाऊन आली." म्हशीच्या मालकाने जागीच पाय धरले. मुदखेडचे हे गवंडी किनवटच्या जंगलातल्या गावांत गोबरगॅस बांधत फिरत. टाकीवरचा घुमट वाळला की आपली बारा मणांची काया घेऊन त्यावर उड्या मारत. "सोयरीक तुटंल, हे न्हाई तुटनार!"

आमच्या घरामागचा घुमट उभा राहिला आणि तिकडे लातूरकडे भूकंप झाला. आमच्या आजोबांनी, आबांनी, दोन्हींची सांगड घातली. "जमिनीच्या पोटात वारा कोंडला की ती हादरती. तुम्ही तर हातानं कोंडायलाव!" त्यात महिना झाला तरी शेगडी पेटेना. आबांनी फर्मान काढलं: अमावास्येपर्यंत जाळ दिसला नाही तर खड्डा बुजवायचा.

आईचा जीव टांगणीला. आमच्या स्वयंपाकघरात धूर इतका, की भाकरी चाचपडून शोधावी लागे. आईचे डोळे बारमाही लाल.

चाचांना निरोप गेला. त्यांनी शेण कालवायच्या कुंडीत नाक घातलं आणि दचकून मागे सरले. "या अल्ला! शेनाला दवाखान्याचा वास?"

आई ऐटीत म्हणाली, "रोज फिनाईल टाकून धुते की. याच्यावर देवाचा निवद शिजायचाय."

"भाभी, आत माझे लाखो कारागीर हायत, डोळ्याला न दिसनारे. त्येच गॅस करतेत. तुमी रोज त्यांचा मुडदा पाडून राहिल्या! दह्याचं विरजन फिनाईलनं धुता का?"

आई उसळली, "विरजण हाय म्हणून आधी सांगायचं न्हाई का, सत्तारभाई?"

पुढे लातूरच्या शिकवणीत एका बाकावर सात जणांत दाटीने बसून मी हेच जिवाणू महिनाभर घोकले.

चाचांनी खड्डा उपसला. शेजारगावच्या चालू गोबरगॅसमधला शेणकाला डबे भरून एसटीने आणला. प्रवासी दोन थांबे आधीच उतरले. मग ताजं शेण घालून ते कुंडीपाशी पहाऱ्याला बसले. आई नुसती बादली घेऊन दिसली तरी ओरडत, "भाभी, पीछे!"

अमावास्येच्या सकाळी आबा कुदळ घेऊन हजर. चाचांनी काडी ओढली. भप्प!

आबा वाकून बघत म्हणाले, "निळा हाय. बिघडलाय वाटतं."

आईने चहाचं आधण ठेवलं आणि पदराने डोळे पुसू लागली.

"भाभी, आता तर धूर न्हाई," चाचा म्हणाले. "मग डोळ्याला काय झालं?"

"चहा घ्या गुमान."