मुक्या पट्ट्या

धामणकर नाक्यावरच्या वाद्यांच्या दुकानाच्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. लग्नाच्या हळदीत त्यांचीच बँजो पार्टी गाजते. गिऱ्हाइकाशी बोलतानाही त्यांची बोटं काउंटरवर ठेका धरून असतात. नववीत शाळा सोडून परभणीहून इथे कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या मला त्यांच्या पार्टीत वाजवायचं होतं, पण विचारायची छाती होत नव्हती.

परवा मिडी कीबोर्ड, म्हणजे मोबाइलला जोडला तरच वाजणारा, घ्यायला गेलो. मास्तरांनी दोन समोर ठेवले, पण एकालाही मोबाइल जोडला नाही.

"वाजव."

"मास्तर, ह्याला स्वतःचा आवाज नसतो ना?"

"न्हाय. म्हणून तर बोटांना विचार."

पहिला दिव्यांनी चमकत होता, पण पट्ट्या इतक्या अरुंद की एका बोटाखाली दोन येत. दुसरा साधा, रुंद पट्ट्यांचा. त्यावर मी घाबरत हळदीचं एक गाणं मुक्यानेच वाजवलं. मास्तर बोटांकडे बघत होते. दुसऱ्या ओळीला त्यांनी तेच गाणं, मी धरलेल्या सुरातच, खड्या आवाजात उचललं!

दारातला रिक्षावाला ओरडला, "क्या बात है, मास्तर!"

"मला काय सांगतो? ह्याला सांग. रविवारी टेमघरच्या हळदीला हाच वाजवणार हाय."

रुंद पट्ट्यांच्या कीबोर्डचं खोकं काखेत घेऊन बाहेर आलो, तेव्हा खोक्यावर माझीच बोटं ठेका धरत होती.